चेहरा झाकला, हात उघडे राहिले

प्रस्थानाचे कारण आधी निवेदन करण्याचा प्रघात आहे. माझे कारण मला फारसे शोभणारे नाही. मी एक निबंध लिहिला होता. ‘मुखवटा आणि अस्मितेचे अपवारण : समकालीन छायाचित्रण व व्हिडिओकलेच्या परिप्रेक्ष्यात’ हे त्याचे शीर्षक. पृष्ठे चार, सामासिक शब्द अगणित, आणि ज्या कलाकृतीविषयी तो लिहिला होता तिचे माझे दर्शन मोबाइलवर आलेल्या दोन छायाचित्रांपुरते मर्यादित. समीक्षकाला याहून अधिक सामग्री लागत नाही, अशी माझी तोवर धारणा होती.

कलाकृती मानसीची. मानसी माझी जुनी विद्यार्थिनी. मी संभाजीनगरात पंचवीस वर्षे चित्रकला शिकवतो आहे आणि त्या अवधीत ज्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी माझे ऐकले नाही, तेच पुढे कलावंत झाले. मानसी त्यांतली अग्रगण्य. तिचे माहेर परभणीचे. सोनपेठ तालुक्यातल्या एका गावी तिने अकरा स्त्रियांना कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायला शिकवले. प्रत्येकीने आपला मुखवटा एकटीने केला, एकटीनेच रंगवला, तो चढवून कॅमेऱ्यासमोर बसली आणि जन्मात कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. आवाज यंत्राने बदललेला. चेहरा नाही, नाव नाही. परभणीत प्रदर्शन ठरले होते, त्याच्या पुस्तिकेसाठी माझा निबंध.

तो वाचून मानसीचा फोन आला. “सर, निबंध भारी आहे. आता एकदा गाव पण बघून घ्या.”

हा उपरोध होता की निमंत्रण, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. परंतु तिला जायचेच होते. प्रदर्शनाआधी प्रत्येकीला तिचा भाग दाखवीन आणि जिला नको वाटेल तिचा काढून टाकीन, असा शब्द तिने त्या स्त्रियांना दिला होता. मी तीन दिवसांची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले. मी ‘सांस्कृतिक’ असे लिहिले.

पहिला दिवस

मानसीची गाडी, सकाळी सहाला प्रयाण. जालना, मंठा, चारठाणा, जिंतूर, परभणी असा मार्ग. हिवाळ्यात याल तर दुतर्फा तूर फुललेली असते आणि कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते. रस्ता बऱ्याच ठिकाणी उत्तम आहे. उरलेल्या ठिकाणी तो प्रवाशाला आत्मपरीक्षणास प्रवृत्त करतो. मंठ्याच्या पुढे एका टपरीवर धपाटे आणि दही मिळाले. दोघांचे मिळून शंभराच्या आत भागले आणि दुपारपर्यंत भुकेने पुन्हा विषय काढला नाही.

चारठाण्याला अवश्य थांबा. काळ्या पाषाणाची जुनी देवळे गावात अशी विखुरलेली आहेत, की एखाद्या घराच्या मागे वळावे आणि समोर कोरीव खांब उभा असावा. मूर्ती पुष्कळ झिजल्या आहेत. एका देवीला तर मुखच उरलेले नाही. नाक, डोळे, ओठ सगळे गुळगुळीत. मी मानसीला उभे करून तेथेच व्याख्यान दिले : मुख गेले तरी मूर्तीची ओळख जात नाही, हात पाहावेत, हातांतली आयुधे पाहावीत, मुद्रा पाहावी. ओट्यावर ऊन खात बसलेल्या एका आजोबांनी ते अथपासून इतिपर्यंत ऐकले.

“तोंड नसताना वळखली का तुमी?” त्यांनी विचारले.

“ओळखली.”

“मंग झालं की,” ते म्हणाले आणि पुन्हा उन्हाकडे वळले. माझ्या व्याख्यानाचा इतका संक्षिप्त आणि यथार्थ गोषवारा कोणी केलेला नाही.

परभणीत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मानसी माहेरी गेली. मी स्टेशनजवळच्या लॉजवर. खोली साधी, स्वच्छ, पंखा बोलका. सायंकाळी ऑटोने बाजारात निघालो. रस्त्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींनी स्कार्फ असे बांधले होते की नेत्रांखेरीज काहीही दृग्गोचर नव्हते. मुखवट्यांचा अभ्यासक या नात्याने मी ऑटोवाल्यांना पृच्छा केली, की या इतके तोंड का बांधतात.

“धूळ हाय ना साहब,” ते म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, “आन् बाप पन हाय.”

“म्हणजे बापाला ओळखू येऊ नये म्हणून?”

“हाव. पन त्या येड्यांना कळंना, बाप तोंड कशाला बघंल? तो गाडीचा नंबर बघतो की!”

मी हसलो, वहीत टिपून घेतले, आणि विसरलो. माझ्या निबंधाचे चौथे पृष्ठ त्या माणसाने एका वाक्यात खोडले होते, हे माझ्या ध्यानात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसरा दिवस

गावी एसटीने जायचे, हा मानसीचा आग्रह. “गाडी नेली सर, की ती कुणाच्या दारात थांबली हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं.” तर परभणीहून सोनपेठ, दोन-अडीच तास. खिडकीची जागा धरा. सोनपेठला उतरल्यावर स्थानकाबाहेरच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा घ्या, मग गावोगावी जाणाऱ्या जीपगाड्या आहेत. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ या शब्दाची तेथील व्याख्या अत्यंत उदार आहे. गावाचे नाव मी लिहिणार नाही. गोदावरी तेथून दूर नाही, एवढ्यावर समाधान मानावे.

बचत गटाच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. खुंट्यांवर अकरा मुखवटे ओळीने टांगलेले. ते मी प्रत्यक्ष प्रथमच पाहत होतो, आणि माझी विद्वत्ता क्षणभर खाली बसली. एकीने आपल्या मुखवट्याला दोन्ही डोळे मिटलेले काढले होते. एकीने ओठ काढलेच नव्हते. एक मुखवटा नुसता पांढरा. कुंकवाच्या जागी बोट दाबल्याचा खळगा, रंग नाही.

हळूहळू बायका जमल्या. कोण काय बोलली हे एकमेकींनाही ठाऊक नव्हते, मुखवट्यांची सारी मातब्बरी त्यातच होती. मानसीला प्रत्येकीला वेगवेगळे दाखवायचे होते. पण सुमनबाई म्हणून एक हसतमुख बाई होत्या, त्यांनी हट्ट धरला. “मानसीताई, माझं दावा की समद्यांना. म्या काय चोरी केली का?”

मानसीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पिवळा मुखवटा, खाली मांडीवर परडी, आणि हात शेंगा सोलत असलेले. बायका मोकळेपणाने बोलाव्यात म्हणून मानसीने प्रत्येकीच्या हातांना काहीतरी काम दिले होते. यंत्राने जाडसर केलेला आवाज म्हणाला, की दर एकादशीला मी घरात उपास सांगते आणि रानात जाऊन भाकर खाते.

एक श्वास घ्यायलाही वेळ गेला नाही.

“अगं बया, सुमे!”

“कशावरून गं मीच?”

“शेंग कशी फोडायली बघ की. तुझ्याबिगर कोन असं अंगठ्यानं फोडतं?”

“आन् भाकरीचं आमाला ठावंच हाय. तुझ्या सासूला पन ठावं हाय!”

खोली हसून लोटपोट झाली. सुमनबाईही. मानसी हसली नाही. मीही नाही, परंतु मानसीला जे तत्काळ उमगले ते मला अजून पुरते उमगले नव्हते. पडद्यावर पुढचा भाग आपोआप सुरू होऊ लागला. पांढरा मुखवटा, कुंकवाच्या जागी खळगा. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई उठल्या, पुढे आल्या आणि मानसीच्या मनगटावर त्यांनी हात ठेवला.

“ताई, जरा दमा. च्या घेऊ आधी.”

मानसीने लॅपटॉप मिटला. त्या बाईंना मी येथे गिरजाबाई म्हणतो.

चहा झाला. इतर जणी शेताकडे, घराकडे गेल्या; त्यांना एकेकीला दाखवायला मानसी पुन्हा येणार होती. मग दार लोटून आम्ही तिघे बसलो. मी बाहेर थांबतो म्हणालो, तर गिरजाबाई म्हणाल्या, “बसा सर. तुमी लिहिनारे हाव मनं. तुमाला बी कळू द्या, काय चुकलं ते.”

मानसीने त्यांचा भाग लावला. चार मिनिटांचा. पांढरा मुखवटा निश्चल, पदर कपाळापर्यंत, खाली मांडीवर कापूस आणि हात वाती वळणारे. आवाज सांगू लागला :

“मालक गेले तवा म्या लय रडले. समदं गाव मनलं, हिला लय लागलं. मला रडूच येईना व्हतं. बायका बघायल्या, मनून म्या आमची कालवड आठवली. म्हायेरी व्हती, साप चावून मेली. तिच्यासाठी रडले म्या. मालकासाठी न्हाई. मालक गेले तवा मला वाटलं, आता रात्री झोप लागंल.”

‘झोप लागंल’ या शब्दांनंतर पडद्यावरचे हात थांबले. अर्धी वळलेली वात दोन बोटांत तशीच. मुखवट्यावर काहीही नव्हते. असण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे जे होते ते त्या दोन बोटांत होते. मग एक दीर्घ क्षण गेला आणि हात पुन्हा चालू लागले, आधीच्याच गतीने.

मी मुखवट्यांवर लिहिलेल्या माझ्या चार पृष्ठांत असे एकही वाक्य नाही.

गिरजाबाई म्हणाल्या, “मी असं बोलले व्हय?” त्या स्वरात पश्चात्ताप नव्हता. स्वतःचा फोटो पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाच्या स्वरासारखा तो स्वर होता.

“काकू, चेहरा कुठंच दिसत नाही,” मानसी हळूच म्हणाली. तिलाही ते पटलेले नव्हते.

“माझं तोंड बघितलंय कुनी?” गिरजाबाई म्हणाल्या. “लगीन होऊन आले तवापसून पदर नाकापतूर. सासऱ्यानं न्हाई बघितलं, भायानं न्हाई.” भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, गिरजाबाई आणि त्यांचा मुलगा आजही त्यांच्याच घरात, एकाच चुलीवर. “पानी द्यायचं तर हात म्होरं. ताट ठिवायचं तर हात म्होरं. गावातल्या मोठ्या मानसांला माझे हात ठावं हायत, पाय ठावं हायत. तोंड झाकून तुमी काय केलं ताई? जे झाकलेलं व्हतं तेच पुन्यांदा झाकलं.”

शहरात ओळख तोंडावर असते; मोबाइलसुद्धा मालकाचे मुखावलोकन करून उघडतो. म्हणून कलावंत तोंड झाकतो आणि त्यामागे अस्मिता सुरक्षित आहे असे समजतो. मी मी म्हणणाऱ्या छायाचित्रकारांनी हेच केले आहे आणि माझ्यासारख्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या आहेत. आदल्याच दिवशी बिनमुखाच्या देवीला हातांवरून ओळखून दाखवणारा पंडित या खोलीत मीच होतो.

“रेशनच्या दुकानात मशीन अंगठा घेत न्हाई माझा,” गिरजाबाई म्हणाल्या. “रेघा झिजल्या मनतंय. मशीन वळखंना. गाव वळखतंय.”

मानसी म्हणाली, “मी पूर्ण काढून टाकते, काकू. आत्ताच्या आत्ता.”

“बोलनं नका काढू.” त्या एकदम म्हणाल्या. मग स्वर खाली आणून, “बोलनं ऱ्हाऊ द्या. हात काढा. कालवड बी काढा. भायाला कालवड ठावं असंल.”

“काकू, पण हातच तर…” मानसीने वाक्य तोडले. तिला काय म्हणायचे होते ते मला कळत होते. अकरा भागांतला सर्वोत्तम क्षण त्या हातांचा होता. तिच्या आजवरच्या कामातला कदाचित. मी तिचा शिक्षक. मीही तिला तो ठेव म्हणालो नाही, काढ म्हणालो नाही. मौनाला आमच्या क्षेत्रात ‘आशयघन’ म्हणतात. या खेपेला त्याचे नाव भ्याडपणा होते.

“उद्या मला त्याच चुलीवर भाकरी टाकायच्यात, ताई,” गिरजाबाई म्हणाल्या. “भाया मला काय बोलनार न्हाई. पोराला बोलंल. पोराच्या बापाला म्या चितेवर बी रडले न्हाई, हे पोराला भायाच्या तोंडून कळायचं का?”

तेथे कलेचा विषय संपला.

मानसीने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. मूळ चित्रण पुसायच्या आधी गिरजाबाई म्हणाल्या, “एकडाव अजून लावा. मग पुसा.”

आम्ही तिघांनी ते अखेरचे पाहिले. या वेळी त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. ‘झोप लागंल’ आले, पडद्यावरचे हात थांबले. मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. मग मानसीने हातांशिवायचा, मुखवट्यापुरता छाटलेला भाग वेगळा साठवला, त्यातून कालवड वगळली, आणि मूळ चित्रण त्यांच्यादेखत पुसले. जुनी प्रत माहेरी ठेवलेल्या डिस्कवर होती. तीही पुसली असे तिने रात्री मला फोनवर सांगितले. मी विचारले नव्हते.

निघताना गिरजाबाई मला म्हणाल्या, “सर, लिहा तुमी. कुनीतरी वाचू द्या. पर वळखू येऊ देऊ नका.”

फाट्यावर जीपची वाट पाहत उभे होतो. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले. टोपी, धोतर, शुभ्र मिशा. मानसीने त्यांना नमस्कार केला आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “काकूंचे भाया.”

“निघालाव का?” त्यांनी विचारले. “ऱ्हायचं की. जेवन करून जायचं.”

मी औपचारिक आभार मानले. ते रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

“ते तोंडं लावून बायका बोलल्यात मनं कॅमेऱ्यात.”

“होय. ग्रामीण स्त्रियांच्या भावविश्वाचा एक कलात्मक…” मी सुरुवात केली.

“आमची धाकटी बी बसली व्हती का?”

“मुखवट्यांमुळे कोण कोण आहे ते ओळखू येत नाही,” मी म्हणालो. आयुष्यभर लांब वाक्ये लिहिली. हे त्या मानाने आखूड होते आणि त्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या दृष्टीने खरेही होते.

काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी विचारले, “आन् हात?”

“हात दिसत नाहीत,” मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान हलवली. “बरं केलं,” ते म्हणाले. जीप आली. त्यांनी हात करून ती आमच्यासाठी थांबवली, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे बसायला लावले आणि मानसीला म्हणाले, “जपून जा, लेकी.”

सोनपेठला उतरल्यावर मानसी म्हणाली, “ती धमकी होती, सर.” मला ती धमकी वाटली नाही. मला वाटले, ते गिरजाबाईंना झाकायला आले होते. आम्हा दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे ठरवण्याचे साधन आमच्याकडे नाही. मुखवटा न घालताही त्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

तिसरा दिवस, आणि नंतर

परभणीहून परतीचा प्रवास मी रेल्वेने केला. साडेतीन-चार तासांत संभाजीनगर. बसून झोप चांगली लागते. मला लागली नाही. घरी येऊन प्रथम निबंध परत मागवला. मानसीने कारण विचारले नाही. पुस्तिकेत आता माझ्या चार पृष्ठांच्या जागी अकरा मुखवट्यांची छायाचित्रे आहेत आणि पुस्तिका त्यामुळे पुष्कळ सुधारली आहे.

प्रदर्शनाला पुन्हा परभणीस गेलो. दहा पडद्यांपुढे लोक रेंगाळत होते, हसत होते, हळूच डोळे टिपत होते. सुमनबाईंच्या शेंगांपुढे तर गर्दी. अकरावा पडदा पांढऱ्या मुखवट्याचा. दोन मिनिटे निश्चल मुख, यंत्राचा आवाज, ‘आता रात्री झोप लागंल’, आणि काळोख. लोक तेथे क्षणभर थांबत आणि पुढे सरकत. एक गृहस्थ सोबतच्या बाईंना म्हणाले, “हे जरा फसलंय.” कला म्हणून त्यांचे खरे होते. मी त्यांना विरोध केला नाही. मानसी शेजारीच उभी होती, तिनेही नाही.

ज्यांना त्या बाजूला जायचे आहे त्यांनी जरूर जावे. चारठाणा पाहावा, सोनपेठची भजी खावीत, जीपमध्ये पाय दुमडून बसावे. गिरजाबाईंना मात्र शोधू नये. हे नाव खरे नाही. गाव मी सांगितलेलेच नाही. ‘भाया’ लिहिले तेथे खरे नाते दुसरे असू शकेल. मरून गेलेले जनावर कालवड नव्हते. आणि हे वाचून कोणी हातांवरून माग काढू नये म्हणून सांगतो : त्या दिवशी पडद्यावर वाती वळल्या जात नव्हत्या. ते हात दुसरेच काहीतरी करत होते, आणि काय ते मी कोणालाही सांगणार नाही.

ते थांबले होते, एवढे खरे.